योगाला शाळेत आणणारे मास्तर : स्वामी कुवलयानंद



योग हा शब्द आपल्या मॉरिशस बेटावर आता कोणालाच नवा राहिलेला नाही. गावच्या बैठकीत, महिला मंडळात, शाळा-कॉलेजांत आणि समुद्रकाठच्या मोठमोठ्या हॉटेलांतही योगाचे वर्ग चालतात. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जाहीर केला. तेव्हापासून त्या दिवशी आपल्याकडेही लहानथोर मंडळी चटया अंथरून एकत्र बसतात. आपल्या मराठी घरांतील तरुण मुलेमुलीही आता योगशिक्षक होण्याचे मनात आणतात. अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे आम्हां शिक्षकांना हमखास विचारतात, की चार-दोन आसने आली म्हणजे योगशिक्षक होता येते काय? की त्यासाठी घरदार सोडून हिमालयात जावे लागते?

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज एका थोर माणसाच्या चरित्रातून देणार आहोत. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. परंतु अय्यंगारांचा जन्म झाला त्या १९१८ साली खानदेशातील अमळनेर गावी एक मराठी शिक्षक मुलांना भारतीय संस्कृती शिकवीत होते. पुढे ह्याच शिक्षकांनी योग दवाखान्यातील यंत्रांपुढे नेला, शाळेच्या वर्गात आणला आणि योगशिक्षक तयार करणारे कॉलेज काढले. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते.

गरिबीतले शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेत, बडोद्याजवळील डभोई येथे झाला. आपले पूर्वज १८३४ पासून मुंबई बंदरातून जहाजाने ह्या बेटावर येऊ लागले होते. म्हणजे जगन्नाथ जन्मला तेव्हा आपली माणसे येथे उसाच्या शेतांत राबू लागल्याला जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. बडोदे गुजरातेत असले तरी तेथे गायकवाड ह्या मराठा घराण्याचे राज्य होते. त्यामुळे कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली होती. मायभूमीच्या बाहेर राहूनही घरात मराठी जपणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते आणि आई सरस्वतीबाई घर सांभाळीत. घरची स्थिती बेताची होती. काही काळ तर कुटुंबाला लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. पण मुलगा हुशार होता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. मुंबईचे दानशूर नागरिक नाना शंकरशेट यांच्या नावाने दिली जाणारी ही शिष्यवृत्ती मिळणे हा त्या काळी मोठा मान समजला जाई. पुढे आणखी एक शिष्यवृत्ती मिळून त्यांना बडोदा कॉलेजात प्रवेश घेता आला. गरिबाच्या मुलाला शिक्षणाने वर कसे येता येते, हे त्यांनी असे स्वतःच अनुभवले. शिक्षणावरची त्यांची श्रद्धा पुढे आयुष्यभर टिकली.

बडोद्यात त्या दिवसांत अरविंद घोष प्राध्यापक होते. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांचा आवाज घुमत होता. तरुण गुणे यांच्या मनावर ह्या दोघांचाही खोल परिणाम झाला. देशसेवेला सारे आयुष्य द्यावयाचे, ह्या विचाराने त्यांनी आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतले.

पहिले गुरू आखाड्यातले

गुणे यांचे पहिले गुरू होते बडोद्याचे राजरत्न माणिकराव. ते जुम्मादादा व्यायामशाळा चालवीत. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद आणि माणिकराव त्यांचे हिंदू शिष्य. विद्या देताना उस्तादांनी जात पाहिली नाही आणि घेताना शिष्यानेही पाहिली नाही. ह्या व्यायामशाळेत लाठी, मल्लखांब, कुस्ती असे देशी व्यायाम शिकवले जात. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुणे माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. १९१० सालीच ते पदवीधर झाले.

हा भाग आम्ही मुद्दाम सांगत आहोत. योगी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जटा वाढवलेला, डोळे मिटून बसलेला साधू येतो. कुवलयानंदांची सुरुवात मात्र आखाड्याच्या मातीत झाली. शरीर हे मेहनतीने घडते, रोज ठरल्या वेळी घडते आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली घडते, हा धडा त्यांना तेथे मिळाला. देशी व्यायामाचा पुरस्कारही त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

अमळनेरचे मास्तर

शिक्षण संपल्यावर चांगली नोकरी धरून घरची गरिबी दूर करावी, असे कोणालाही वाटले असते. गुणे मात्र खानदेशात अमळनेरला गेले. देशातील बहुसंख्य लोक निरक्षर आणि अंधश्रद्धेत बुडालेले आहेत, आणि शिक्षणावाचून ह्यातून सुटका नाही, असे त्यांचे मत झाले होते. खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. तेथील राष्ट्रीय कॉलेजाचे ते प्राचार्य झाले. १९१६ ते १९२३ ह्या काळात त्यांनी हायस्कूल व कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचा विषय शिकवला. अमळनेर हे नाव आपल्या वाचकांना दुसऱ्याही एका शिक्षकामुळे ठाऊक असेल. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी पुढे ह्याच सोसायटीच्या शाळेत शिक्षक होते.

म्हणजे वयाच्या पस्तिशीपर्यंत गुणे हे योगी नव्हते. ते एक कडक, देशभक्त, बलोपासक शिक्षक होते. तेवढ्यावरही त्यांचे आयुष्य कृतार्थ म्हणता आले असते. पण १९१९ साली त्यांची एका वृद्ध संन्याशाशी भेट झाली आणि सारी दिशाच बदलली.

मालसरचे माधवदासजी

बडोद्यापासून फार लांब नाही असे नर्मदेच्या काठी मालसर नावाचे गाव आहे. तेथे परमहंस माधवदासजी नावाचे योगी राहत. ते मूळचे बंगालचे. अनेक वर्षे भ्रमण करून उतारवयात ते नर्मदाकाठी स्थिरावले होते. मुंबईत वर्सोव्याला १९१८ साली योग इन्स्टिट्यूट काढणारे श्री योगेंद्र हेही ह्याच माधवदासजींचे शिष्य. एका नदीकाठच्या वृद्धाने असे दोन शिष्य दिले, की ज्यांनी विसाव्या शतकात योग सामान्य माणसाच्या घरापर्यंत नेला.

माधवदासजींपाशी गुणे यांना योगाची दीक्षा मिळाली. आखाड्यात अंग घामाने भिजत असे. येथे अंग स्थिर ठेवायचे होते, श्वास सांभाळायचा होता आणि मनाकडे पाहायचे होते. दुसऱ्याला हुकूम देण्याची सवय असलेल्या मास्तरांना येथे स्वतःच विद्यार्थी होऊन बसावे लागले. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून सांगतो, ही गोष्ट बोलायला सोपी आणि करायला फार कठीण आहे. वर्गात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसणे जड जाते. पस्तिशी उलटलेल्या, प्राचार्यपदावर असलेल्या गुणे यांनी ते केले.

पण हा सहवास फार काळ लाभायचा नव्हता. १९२१ साली माधवदासजींनी देह ठेवला. गुरूंची भेट होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.

येथे त्यांच्यापुढे दोन सोपे रस्ते होते. एक म्हणजे गुरूंच्या नावाने मठ उभारून स्वतः गुरू म्हणून बसणे. आपल्या समाजात त्याला भक्तांची वाण पडली नसती. दुसरा म्हणजे योग सोडून पुन्हा शाळा-कॉलेजात रमणे. त्यांनी दोन्ही सोडून तिसरा रस्ता धरला, आणि तो त्यांच्यातल्या शिक्षकाला शोभणारा होता. जे अनुभवाला आले त्याचे कारण शोधायचे, ते तपासायचे आणि सर्वांना समजेल अशा रीतीने मांडायचे, असे त्यांनी ठरवले.

यंत्रासमोर योग

त्या काळची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. इंग्रजी शिकलेले लोक योगाला हसत. त्यांच्या मते योग म्हणजे खिळ्यांवर झोपणाऱ्या बैराग्यांचा खेळ होता. उलट भाविक लोक योग्याला चमत्कारी पुरुष समजून त्याच्या पाया पडत. एक बाजू न पाहता नाकारी, दुसरी बाजू न पाहता मानी. दोघेही विचारपूस करीत नसत. मध्ये योगविद्या मात्र अडकून पडली होती. ती मोजक्या साधूंपाशी होती, आणि एकेक साधू गेला की त्याच्याबरोबर थोडी थोडी नाहीशी होत होती.

गुणे यांना योगाचे परिणाम स्वतःच्या शरीरावर जाणवले होते, पण केवळ जाणवले म्हणून ते खरे, असे म्हणायला ते तयार नव्हते. १९२०-२१ मध्ये त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळातील प्रयोगशाळेत आपल्या काही विद्यार्थ्यांना घेऊन उड्डियान आणि नौली ह्या दोन क्रियांची तपासणी सुरू केली. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत आणि वर ओढून घेतात. नौलीत पोटाचे मधले स्नायू खांबासारखे पुढे काढतात आणि मग डावीउजवीकडे फिरवतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती गंमत वाटते. आत काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा उपयोग केला.

ह्या संशोधनातला एक प्रयोग फार प्रसिद्ध झाला. जुन्या हठयोग्यांची बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया आहे. तीत योगी पाण्यात बसून मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो. पंप नाही, पिचकारी नाही, मग पाणी वर चढते कसे? लोक ह्याला योगाची गूढ शक्ती म्हणत. गुणे यांनी नौली करताना आतड्यातील दाब यंत्राने मोजला. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे आढळले. आत दाब कमी झाला की बाहेरचे पाणी आपोआप आत ओढले जाते. नळीने शरबत पिताना आपण तोंडात जे करतो त्याच जातीची ही गोष्ट. गूढ उकलले, पण योगाचा मान त्यामुळे कमी झाला नाही. हा जो कमी दाब, त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले. गुरूंवरची निष्ठा दाखवण्याची त्यांची ही रीत होती.

कैवल्यधाम

ऑक्टोबर १९२४ मध्ये मुंबई-पुण्याच्या मधोमध, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर लोणावळे येथे त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. कैवल्य म्हणजे पतंजलींच्या योगसूत्रांत सांगितलेली शेवटची मुक्त अवस्था. नाव असे आध्यात्मिक होते, पण आत प्रयोगशाळा होती. स्वामी कुवलयानंद हे नावही आता लोकांच्या तोंडी झाले.

त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ नावाचे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. ह्यातील विभागांची मांडणी शिक्षकाच्या हातची आहे, हे लगेच कळते. एका विभागात शास्त्रज्ञांसाठी प्रयोगांची आकडेवारी असे. दुसऱ्यात थोडे शिकलेल्या वाचकासाठी विवेचन असे. तिसऱ्यात अगदी सामान्य माणसाला घरी करता येतील अशी आसने छायाचित्रांसह सांगितलेली असत. एकच धडा वरच्या इयत्तेला वेगळा आणि खालच्या इयत्तेला वेगळा शिकवावा लागतो, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते.

प्राणायामाविषयीही त्यांनी मोजणी केली. खोल श्वास घेऊन रोखला की शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो आणि म्हणून प्राणायाम चांगला, अशी समजूत होती. आजही ती ऐकू येते. कुवलयानंदांना मोजणीत तसे आढळले नाही. प्राणायामाचा कैवार घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट दडपून ठेवता आली असती. त्यांनी ती छापली आणि प्राणायामाचा फायदा असलाच तर तो दुसऱ्या मार्गाने, शरीरातील दाबांच्या आणि मज्जासंस्थेच्या मार्गाने शोधला पाहिजे, असे मांडले. आपल्या आवडत्या गोष्टीबद्दलही खरे तेच सांगायचे, हा गुण फार थोड्या प्रचारकांत असतो.

त्यांचे सगळेच निष्कर्ष आज जसेच्या तसे धरले जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे प्रयोग थोड्या माणसांवर झाले. शरीरातील ग्रंथींवर आसनांचा काय परिणाम होतो, ह्याविषयी त्यांनी जे लिहिले त्यातील काही भाग तर्काचा होता. पण तपासून पाहण्याचा दरवाजा त्यांनी उघडला. त्यातून पुढच्यांना आत जाता आले.

गांधीजींपासून अमेरिकेपर्यंत

हळूहळू कैवल्यधामाची कीर्ती पसरली. १९२७ साली गांधीजींची प्रकृती रक्तदाबाने बिघडली तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि पत्रांतून आपल्या प्रकृतीचे बारीकसारीक वृत्त कळवले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे भारतीय संशोधक लोणावळ्याला येऊन कुवलयानंदांपाशी योग शिकले. त्यांचे योगाच्या शास्त्रीय परीक्षणावरील पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झाले. १९३० च्या दशकात मुंबईतही कैवल्यधामाची शाखा निघाली. ती मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र म्हणून प्रसिद्ध झाली. ऑफिसात बसून पाठ दुखणारे कारकून, अपचनाने गांजलेले व्यापारी, घरकामाने थकलेल्या स्त्रिया, अशा संसारी माणसांसाठी योग आता शहराच्या मध्यभागी आला.

त्यांची ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही पुस्तके ह्याच काळातली. ‘आसने’ ह्या पुस्तकाच्या शेवटी त्यांनी तीन वेगवेगळे अभ्यासक्रम दिले. धडधाकट माणसासाठी पूर्ण, वेळ कमी असलेल्यासाठी छोटा आणि अशक्त माणसासाठी अगदी सोपा. शीर्षासन सर्वांनी केलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट नव्हता. ज्याला पूर्ण शलभासन जमत नाही त्याने अर्धे करावे, एकेक पाय उचलावा. आसन झटके देऊन करू नये, दुखेपर्यंत ताणू नये, दुसऱ्याशी स्पर्धा करू नये, हे त्यांच्या शिकवणीचे मुख्य सूत्र होते. आखाड्यात वाढलेल्या माणसाने हे सांगावे, ह्याचे आम्हाला फार महत्त्व वाटते. बळ कमावलेला मनुष्य बळाच्या पलीकडे गेला होता. योगाने त्यांच्यात काय पालट केला ह्याची खूण आम्हाला ह्या सौम्य सूचनांत दिसते.

शाळेचा वर्ग आणि शिक्षकांचे कॉलेज

मूळचा शिक्षक शाळेला विसरला नाही. शाळेत चाळीस मुले एका वेळी असतात. गुरूने एका शिष्याला समोर बसवून द्यायची विद्या चाळीस मुलांना कशी द्यायची? माणिकरावांकडून सांघिक कवायतीची रीत ते शिकले होतेच. तिचाच उपयोग करून त्यांनी आसनांचे सामुदायिक पाठ बसवले. ‘यौगिक संघ व्यायाम’ हे त्यांचे पुस्तक ह्याच कामासाठी आहे. मुंबई इलाख्यातील सरकारी शारीरिक शिक्षणाच्या कामातही त्यांनी भाग घेतला. शाळेच्या मैदानावर मुले रांगेत उभी राहून एका सुरात आसने करतात, हे दृश्य आज आपल्याला नेहमीचे वाटते. त्याच्यामागे आखाड्याची शिस्त आणि मालसरची शांतता अशा दोन्ही गोष्टी आहेत.

पण विद्यार्थी पुष्कळ आणि शिकवणारे थोडे, ही अडचण राहिलीच. म्हणून १९५०-५१ च्या सुमारास लोणावळ्याला गोरधनदास सेक्सरिया कॉलेज सुरू झाले. योग शिकवणारे शिक्षक तयार करणे हा त्याचा उद्देश होता. योगशिक्षक हा सिद्ध पुरुष असावा लागत नाही, परंतु त्याला रीतसर प्रशिक्षण लागते, हा विचार ह्या कॉलेजाने रुजवला. योगाच्या जुन्या ग्रंथांचे ज्ञान, शरीररचनेची माहिती, पाठ देण्याची पद्धत आणि स्वतःची नित्य साधना अशा चार खांबांवर योगशिक्षक उभा राहतो. ह्यातील एक खांब काढला तर छप्पर कलते. आम्हां शाळेतील शिक्षकांनाही प्रशिक्षणात हेच सांगितले जाते, की विषय येणे निराळे आणि तो शिकवता येणे निराळे. दोन्ही यावी लागतात.

ग्रंथांकडेही त्यांचे दुर्लक्ष नव्हते. जुन्या हस्तलिखितांवरून शुद्ध प्रती तयार करण्याचे काम कैवल्यधामात चालू राहिले. ‘गोरक्षशतक’ ह्या ग्रंथाची त्यांनी डॉ. शुक्ल यांच्यासह सिद्ध केलेली आवृत्ती १९५८ साली निघाली. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक भारत सरकारच्या आरोग्य खात्यामार्फत प्रसिद्ध झाले. अखेरच्या वर्षांत लोणावळ्याला योगिक इस्पितळही उभे राहिले. योगाने रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्याने डॉक्टरांच्या तपासणीला घाबरू नये, असे त्यांचे धोरण होते. आजकाल योगाच्या नावाने वाटेल तो रोग बरा करून देण्याच्या जाहिराती दिसतात, त्या वाचताना हे धोरण लक्षात ठेवावे.

१८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, स्वामी कुवलयानंदांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा वाहिली. कैवल्यधाम आजही चालू आहे, त्याने २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण केली, आणि देशोदेशीचे विद्यार्थी तेथे योगशिक्षकाचे प्रशिक्षण घ्यायला जातात.

आपल्यासाठी काय?

आपण भारतापासून हजारो मैल दूर आहोत, मग लोणावळ्याच्या स्वामींशी आपला संबंध काय, असे कोणी म्हणेल. समुद्र ओलांडून दूर राहणारे आपण एकटेच नाही. आखातात कुवेतच्या किनाऱ्यावर महबूला, मंगफ अशा वस्त्या आहेत. तेथील उंच इमारतींत हजारो भारतीय कामगार आणि कुटुंबे राहतात, त्यांत मराठी माणसेही आहेत. आपले पूर्वज जसे पोटासाठी घर सोडून निघाले तशीच हीही मंडळी निघाली. त्याच कुवेतच्या शेखा ए. जे. अल सबाह यांना भारत सरकारने २०२५ साली योगाच्या कार्यासाठी पद्मश्री दिली. त्यांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, तरीही त्यांनी योग शिकला, आपल्या देशात योगाचे केंद्र काढले आणि दुसऱ्यांना शिकवला. जुम्मादादांच्या आखाड्यात एका मराठी मुलाने अंग कमावले, त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी एका अरब महिलेला योगासाठी भारताचा सन्मान मिळाला. विद्या खरी असली आणि उघडपणे दिली गेली, तर ती जात-धर्म-देश विचारीत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. चार आसने आली म्हणजे योगशिक्षक होता येत नाही. पण घरदार सोडून हिमालयात गेलेच पाहिजे, असेही नाही. गुणे मास्तर अमळनेरला नोकरी करीत असतानाच योगाकडे वळले. त्यांना मोठेपण आले ते तीन गोष्टींमुळे, असे आम्हाला वाटते. पहिली, वय झाले तरी पुन्हा विद्यार्थी होण्याची तयारी. दुसरी, स्वतः रोज करणे आणि जे कळले ते तपासून घेणे, मग ते आपल्या मनाविरुद्ध का जाईना. तिसरी, आपल्याला मिळालेले दुसऱ्याला त्याच्या शक्तीप्रमाणे देणे.

ह्यातील तिसरी गोष्ट साधली की माणूस शिक्षक होतो. पहिल्या दोन चालू राहिल्या तर तो शिक्षक म्हणून टिकतो. शिकणे थांबवलेल्या शिक्षकाचा वर्ग किती लवकर कोरडा पडतो, हे आम्ही शाळांतून पाहतो. योगाच्या वर्गालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून ज्या आईवडिलांची मुलगी वा मुलगा योगशिक्षक होऊ इच्छितो त्यांनी त्याला हसू नये आणि घाईही करू नये. आधी दोन वर्षे त्याला घरच्या घरी, पहाटे, कोणी पाहत नसताना नियमाने साधना करू द्यावी. ती टिकली तर रीतसर प्रशिक्षणाला पाठवावे. शिकून आला की त्याने प्रथम आपल्या गावच्या बैठकीतल्या आजीआजोबांना सोप्यातले सोपे आसन शिकवून दाखवावे. सांधे दुखणाऱ्या आजीला न दुखवता जो श्वास घ्यायला शिकवू शकतो, तो पुढे कोणालाही शिकवू शकेल. आणि मुलाबरोबर घरातल्या मोठ्यांनीही पहाटे थोडा वेळ बसून पाहावे. गुणे मास्तरांनी पस्तिशीनंतर सुरुवात केली होती. आपल्यालाही अजून उशीर झालेला नाही.